हातची चव आणि अकिबा शहर

आज सभागृहात दोन प्रकारची मंडळी दिसतायत. पुढच्या रांगांत वाचनालयाचे नेहमीचे सभासद आहेत. मागे भिंतीला टेकून कॉलेजची मुलं उभी आहेत, ती बहुतेक विषयाचं नाव वाचून इथे पहिल्यांदाच आली असावीत. मागच्यांना आधीच विनंती करते. तुम्हाला जे तोंडपाठ आहे, ते मी पुढच्यांसाठी पहिल्यापासून सांगणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

मी पुण्यात जपानी शिकवते. पूर्वी पहिल्या तासाला 'जपानी का शिकायचंय?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं : नोकरी, कंपनी, भाषांतराचं काम. आता निम्मा वर्ग ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचं नाव घेतो. असाच एक विद्यार्थी, अभ्यासात यथातथा पण शब्दांच्या मागे हात धुऊन लागणारा, एकदा वही घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, 'दाइसाइगाइ' आणि 'दाइशिन्साइ' यांत फरक काय?" दुसरा शब्द मला बातम्यांतून माहीत होता. २०११ च्या मार्चमध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली, तिला जपानी लोक 'दाइशिन्साइ' म्हणतात, भूकंपाचा महाप्रकोप. 'दाइसाइगाइ' म्हणजे नुसतीच महाआपत्ती, कशाची ते न सांगता. "हा कुठे वाचलास?" म्हटलं, तर तो म्हणाला, "वाचला नाही, ऐकला. 'लॉग होरायझन'मध्ये." त्या शब्दापायी मी ती मालिका बघायला बसले. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी पुढच्या रांगांसाठी थोडी ओळख. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणजे संगणकावरचं एक अख्खं जग. त्यात डोंगर आहेत, जंगलं आहेत, शहरं आहेत, राक्षस आहेत. तुम्ही एक पात्र घेऊन त्यात उतरता. कुणी तलवारबाज होतं, कुणी जखमा भरणारं, कुणी मंत्र टाकणारं. त्याच वेळी ठिकठिकाणची हजारो माणसं आपापल्या घरून, आपापली पात्रं घेऊन तिथे आलेली असतात. ती एकमेकांशी बोलतात, संघ करतात. या संघांना गिल्ड म्हणतात. राक्षस मारले की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते. आणि या जगात काही पात्रं अशी असतात, दुकानदार, पहारेकरी, शेतकरी, राजकन्या, की ज्यांच्यामागे माणूस नसतो, संगणकच त्यांना चालवतो. त्यांना एनपीसी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. खेळून झालं की लॉग आउट करायचं आणि जेवायला उठायचं.

आता समजा, लॉग आउटचं बटणच नाहीसं झालं.

ही कल्पना एकट्या 'लॉग होरायझन'ची नाही. २००२ मध्ये कोइचि माशिमो यांनी दिग्दर्शित केलेली 'डॉट हॅक साइन' आली. तिच्यात त्सुकासा नावाचं एक पात्र गेममध्येच जागं होतं आणि त्याला बाहेर पडता येत नाही. त्या मालिकेत लढाया जवळजवळ नाहीतच. पात्रं पुलावर, पायऱ्यांवर बसून बोलत राहतात, आणि बोलता बोलता उलगडतं की जिकडे परत जायचं, त्या घरात मारणारा बाप आहे. मग २०१२ मध्ये 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन' आली, रेकि कावाहारा यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली. ती मागच्या भिंतीवरच्या प्रत्येकाने बघितलेली असणार. कथेतली तारीख ६ नोव्हेंबर २०२२. दहा हजार खेळाडू, शंभर मजल्यांचा तरंगता किल्ला, आणि गेममध्ये मेलात तर डोक्यावरचं यंत्र तुमचा मेंदू जाळणार. दोन वर्षांनी सुटका होते तोवर चार हजारांच्या आसपास माणसं गेलेली असतात. गोष्ट छातीत धडधड होईल अशीच आहे. तिथे मरण पाठीशी उभं असतं, त्यामुळे सकाळी उठून तलवार का उचलायची, हे कुणाला विचारावं लागत नाही.

'लॉग होरायझन' मूळ ममारे तोउनो यांची. २०१० पासून ती इंटरनेटवर क्रमशः लिहिली जात होती, पुढच्या वर्षी पुस्तकरूपात यायला लागली, आणि ऑक्टोबर २०१३ पासून एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर शिन्जि इशिहिरा यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे पंचवीस भाग दाखवले गेले. शैक्षणिक वाहिनी, हे मी मुद्दाम सांगते. राक्षस आणि जादू असलेली ही मालिका तिथे का शोभली, ते पुढे कळेलच.

गोष्ट अशी. 'एल्डर टेल' नावाचा वीस वर्षं चाललेला गेम आहे. त्याला नवी भर पडते त्या दिवशी, त्या क्षणाला जे खेळत होते ते सगळे, जपानमधले सुमारे तीस हजार लोक, गेममध्ये सदेह जाऊन पडतात. हीच ती 'दाइसाइगाइ'. शहराचं नाव अकिबा, म्हणजे तोक्योमधलं अकिहाबारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेला हा भाग इथे पडीक आहे, इमारतींतून झाडं उगवलेली आहेत. या जगात पृथ्वी निम्म्या मापाने बांधलेली आहे. नायक शिरोए, चष्मा लावणारा, अबोल, इंजिनिअरिंगचा पदव्युत्तर विद्यार्थी. लढाईत तो स्वतः फारसा मारत नाही, इतरांना बळ देतो आणि डाव आखतो. त्याचा मित्र नाओत्सुगु ढाल घेऊन पुढे उभा राहणारा. तिसरी आकात्सुकी. तिचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. खेळताना तिने उंच पुरुषाचं शरीर निवडलं होतं, आणि प्रत्यक्षात ती अगदी बुटकी. आता त्या परक्या शरीरात तिला धड चालता येत नाही, पाऊल कुठे पडतंय कळत नाही, आणि तोंड उघडलं तर आवाज बाईचा, म्हणून ती बोलतही नाही. शिरोए तिला रूप बदलायचं एक दुर्मीळ औषध देतो. स्क्रीनवर बघायला घेतलेलं शरीर आणि राहायचं शरीर यांतलं अंतर पहिल्याच भागात असं कळतं.

आणि इथे मरण नाही. राक्षसाने फाडलं तरी तुम्ही देवळात पुन्हा जागे होता. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, मग गोष्ट संपलीच की. भीतीच नाही तर उरलं काय? तोउनोंची ताकद मला नेमकी इथे दिसते. मरण नाही, म्हणून कुणाला उठायचं कारण नाही. पोट भरायला फार पैसे लागत नाहीत. घरी जायचा रस्ता कुणालाच ठाऊक नाही. पंधरा-वीस दिवसांत अकिबाच्या रस्त्यांवर माणसं भिंतीला पाठ लावून नुसती बसून राहतात. काही जण कंटाळून दुसऱ्यांना मारून लुटायला लागतात, कारण मेलेला परत येतोच, मग पाप कसलं? भुकेने वा शत्रूने जे झालं नसतं, ते रिकामपणाने होतं.

त्यात जेवणाला चव नाही. या जगात स्वयंपाक म्हणजे हवेत एक मेन्यू उघडायचा, जिन्नस निवडायचे, बटण दाबायचं. समोर पदार्थ हजर. दिसायला झकास, मासळी भाजलेली, सॉस लावलेला. तोंडात घातलं की सादळलेला, बेचव सेन्बेइ. सेन्बेइ म्हणजे तांदळाचं कुरकुरीत बिस्कीट. पेयांचे रंग वेगवेगळे, पण प्यायला सगळं पाणी. रोज, तिन्ही त्रिकाळ.

इथे जरा माझं सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण चव आणि वास बारा दिवस नव्हते. आई दाराबाहेर ताट ठेवून जायची. वरण-भात, वर तूप, बाजूला लिंबाची फोड. ताट ओळखीचं, वाफ दिसतेय, आणि घास घेतला की ओला कागद चावल्यासारखं. मी मिठाचा डबा मागवून घेतला आणि जिभेवर मीठ ठेवून बघितलं, तर नुसती रेती. पहिले दोन दिवस गंमत वाटली. सहाव्या दिवशी मी ताटासमोर बसून रडले. आजाराची भीती नव्हती, ऑक्सिजन चांगला होता. वाटत होतं की मी आता माझ्या घरातच नाही. तेराव्या दिवशी सकाळी आईने फोडणी दिली आणि हिंगाचा वास आला. मी आतून ओरडले, "आई, हिंग!" ती बाहेरून म्हणाली, "अगं, मग आता जेव." ही मालिका मी त्यानंतर वर्षभराने बघितली, तेव्हा तिच्यातला जेवणाचा प्रसंग मला वेगळा समजावून घ्यावा लागला नाही.

शिरोए, नाओत्सुगु आणि आकात्सुकी एका मुलीला सोडवायला उत्तरेला सुसुकिनो शहरात जातात. तिथे तिला आसरा देणारा न्यान्ता भेटतो. मांजराच्या तोंडाचा, सभ्य, वयाने सगळ्यांत मोठा, उंच सडपातळ तलवारबाज. परतीच्या वाटेवर मुक्काम पडतो तेव्हा तो हरणाचं मांस भाजतो. मेन्यू उघडत नाही. सुरी घेतो, मांस कापतो, मीठ लावतो, शेकोटीवर धरतो. आणि त्याला चव असते! नाओत्सुगु घास तोंडात घेऊन थबकतो, मग काही न बोलता खात सुटतो. युक्ती अगदी साधी आहे. न्यान्ताने बल्लवाचा जोडधंदा घेतलेला आहे. ते कौशल्य असलेल्या माणसाने मेन्यूला हात न लावता, खरोखर आपल्या हाताने रांधलं, तर पदार्थाला चव येते. कौशल्य नसताना हाताने केलं तर काळा लगदा होतो, आणि कौशल्य असून मेन्यूने केलं तर सादळलेला सेन्बेइ. हात आणि शिकलेली कला, दोन्ही लागतं.

आपल्याकडे 'हातची चव' म्हणतात. आजीच्या हातची आमटी, तेच डाळ-तिखट वापरून सुनेला जमत नाही, असं आपण सहज बोलतो. जपानीतही आईच्या जेवणाला 'ओफुकुरो नो आजि' म्हणतात, आईची चव. तोउनोंनी हा बोलण्यातला वाक्प्रचार उचलला आणि त्याला त्या जगाचा भौतिक नियम करून टाकलं.

पुढे जे घडतं, ते माझ्या मते या प्रकारच्या कथांमधलं सगळ्यांत देखणं राजकारण आहे. शिरोए हे गुपित घेऊन अकिबाला परततो तेव्हा तिथे एक अन्याय चालू असतो. हामेलिन नावाची एक गिल्ड नवशिक्या मुलांना आसरा देतो म्हणून गोळा करते. नवशिक्यांना गेमकडून रोज एक औषध मिळतं, अनुभवाचे गुण भराभर वाढवणारं. हामेलिन ते काढून घेते आणि मोठ्या गिल्डना विकते. मुलं जमिनीवर झोपतात, राबतात. त्यांत मिनोरी आणि तोउया ही जुळी भावंडं आहेत, शिरोएची जुनी ओळखीची. मिनोरी दूरसंवादाने शिरोएशी बोलते तेव्हा 'आम्ही ठीक आहोत' म्हणते, आणि ती खोटं बोलतेय हे त्याला कळतं. आम्हा शिक्षकांना हा आवाज ओळखता येतो.

शिरोए तलवार घेऊन हामेलिनवर चालून जाऊ शकला असता. पण तिथे मारलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, तेव्हा मारून काय साधणार? तो हॉटेल काढतो. म्हणजे त्याच्या ओळखीची 'चंद्रकोर' ही लहान गिल्ड बर्गरची गाडी लावते. हाताने केलेला, चव असलेला बर्गर. रांगा लागतात, शहरात दुसरा विषय उरत नाही. मग गिल्डचे हिशेब सांभाळणारी हेन्रिएत्ता शहरातल्या तीन मोठ्या उत्पादक गिल्डना बोलणी करायला बोलावते आणि एका मोठ्या गुपिताचा हिस्सा देऊ असं सांगून त्यांच्याकडून पैसा उभा करते. एकूण पन्नास लाख सोन्याची नाणी. त्या पैशांत शिरोए काय घेतो? गिल्ड भवन. सगळ्या गिल्डची नोंदणी जिथे होते, ज्यात त्यांच्या खोल्या आणि तिजोऱ्या आहेत, ती अख्खी इमारत. गेमच्या नियमाप्रमाणे जागा विकत घेता येते आणि मालकाला ठरवता येतं की आत कोण येईल. वीस वर्षांत ते करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग तो अकरा गिल्डच्या प्रमुखांना बोलावतो आणि सांगतो, या शहराला कायदा हवा. पटलं तर बसा. आणि ही इमारत माझी आहे. ही सरळ सरळ धमकी आहे, आणि मालिका ती लपवत नाही. शिरोएला स्वतःला 'चष्म्यातला खलनायक' म्हणवून घ्यावं लागतं. त्याच वेळी खाली मिनोरी आणि तोउया मुलांना घेऊन हामेलिनच्या दाराबाहेर पळतात, आणि पाठलाग करणाऱ्यांना भवनात पाऊल टाकता येत नाही. एकही वार न करता सुटका होते. अकिबात गोलमेज परिषद बसते, आणि पहिल्या नियमांत एक असतो : एनपीसींनाही माणूस म्हणून हक्क.

त्या वेळी बऱ्याच जणांना हे कलम नुसतं शोभेचं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण मालिकेचा दुसरा अर्धा भाग त्याच कलमावर उभा आहे. खेळाडू स्वतःला 'बोउकेन्शा' म्हणतात, साहसी. एनपीसींचं त्यांच्या स्वतःच्या भाषेतलं नाव 'दाइचिजिन', भूमिजन. ही माणसं इथेच जन्मली आहेत, इथेच म्हातारी होतात, आणि मेली की परत येत नाहीत. शेती त्यांची, धान्य त्यांचं. साहसी म्हणजे त्यांच्या लेखी अचानक धुडगूस घालायला लागलेले, कधीही न मरणारे लोक. शिरोए हिशेब करतो तेव्हा हादरतो : भूमिजनांची संख्या साहसींच्या कितीतरी पट आहे, आणि आपण इतके दिवस त्यांना दुकानातल्या काउंटरसारखं वागवलं.

यातला एक धागा मला विलक्षण वाटतो. गेममध्ये 'गोब्लिन राजाचं पुनरागमन' नावाची एक मोहीम ठरावीक काळाने येत असे. गोब्लिन म्हणजे झुंडीने येणारे ठेंगणे राक्षस. खेळाडू ती उरकायचे, बक्षीस घ्यायचे. दाइसाइगाइनंतर सगळे आपल्या दुःखात, मग बर्गरच्या आनंदात, मग परिषदेच्या कौतुकात. ती मोहीम कुणी केलीच नाही. आता हजारो गोब्लिन डोंगरातून उतरून भूमिजनांच्या गावांवर येतायत. खेळ म्हणून जे करत होतो, ते कुणाचं तरी संरक्षण होतं, हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

अकिबातल्या साहसींना तिथे जायची सक्ती नाही. भूमिजनांची राजकन्या लेनेसिया, दिवसभर लोळायला मिळावं एवढीच इच्छा असलेली भित्री मुलगी, अकिबाच्या चौकात उभी राहते. आपण भित्री आहोत, आळशी आहोत, लढता येत नाही, तरी मी रणांगणावर जाणार आहे, हे ती सांगते, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावं अशी विनंती करते. बक्षीस नाही, गुण नाहीत. काही महिन्यांपूर्वी भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं उठतात.

त्याच लढाईच्या धामधुमीत समुद्राकाठच्या चोशी गावात रुन्देलहाउस मरतो. हा नवशिक्यांच्या तुकडीतला तोरा मिरवणारा मंत्रवादी. सोबतच्यांना अंदाज आलेला असतो, पण आता उघड होतं : तो भूमिजन आहे, साहसी असल्याचं सोंग घेऊन आलेला. लोकांचं रक्षण करायचं म्हणून. त्याला देवळात जाग येणार नाही. शिरोए धावत येतो. त्याचा जोडधंदा लेखनिकाचा, लेखणीचा. तो कागद घेतो आणि करारनामा लिहितो, रुन्देलहाउसला आपल्या गिल्डमध्ये साहसी म्हणून घेतल्याचा. खाली स्वतःची सही करतो आणि लेखणी मरणाऱ्या मुलाच्या हातात देतो. मेन्यूत असला करार नाही. तो हाताने लिहिलाय. बल्लवाच्या हाताने चव आली तशी लेखनिकाच्या हाताने कागदाला धार येते. सही होते, आणि तो साहसी होतो. शैक्षणिक वाहिनी का, असं मी मघाशी म्हटलं होतं. नागरिकत्व म्हणजे काय, हे मी मुलांना समजावायला गेले असते तर तासभर बोलले असते. इथे एक कागद, एक लेखणी, आणि थरथरणारी बोटं.

पुढच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे : 'मग मरणाची किंमत काहीच नाही का?' आहे. प्रत्येक मरणामागे जुन्या जगाची एखादी आठवण जाते. लहानशीच जाते, म्हणून लक्षात येत नाही. लढाऊ माणूस शंभरदा मेला तर घरच्या रस्त्यावरचं काय काय पुसलं गेलं, हे त्याला सांगताही यायचं नाही. हे शिरोएला कळतं आणि ते सगळ्यांना कसं सांगावं, या चिंतेत तो बराच काळ असतो. मालिका पुढे दोन पर्वांत गेली. तिसरं २०२१ च्या जानेवारीत आलं, त्याच्या नावातच गोलमेज कोसळण्याची गोष्ट आहे. एवढ्या कष्टाने बसवलेली परिषद फुटते, आणि ती राक्षसांमुळे फुटत नाही, आपसांतल्या विषमतेने आणि रुसव्यांनी फुटते. ज्यांनी एखादी संस्था चालवली आहे, त्यांनी ते पर्व जरूर बघावं.

तोउयाचं एक सांगायचं राहिलं. आपल्या जगात अपघातामुळे तो चाकाच्या खुर्चीवर होता. इथे तो तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढे पळतो. 'घरी जायचंय का?' हा प्रश्न त्याला विचारायचं धाडस माझ्यात तरी नाही.

शेवटचं, इसुझुबद्दल. ती रुन्देलहाउसची मैत्रीण, भाटाचं काम करणारी, वीणेसारखं वाद्य घेऊन फिरणारी मुलगी. दुसऱ्या पर्वात तिच्या लक्षात येतं की भूमिजनांच्या अख्ख्या जगात गाणी फक्त बेचाळीस आहेत. लग्नात तीच, सणाला तीच, पेरणीला तीच. कारण? गेम बनवणाऱ्यांनी पार्श्वसंगीताच्या बेचाळीस चाली बनवल्या होत्या, तेवढ्याच या लोकांच्या नशिबी आल्या. त्यांना त्याचं दुःखही नाही, कारण त्रेचाळिसावं गाणं असू शकतं हेच ठाऊक नाही. इसुझु आधी आपल्या जगातली गाणी त्यांना गाऊन दाखवते. गावोगाव माणसं घोळका करून उभी राहतात. तिला मात्र वाटत राहतं की ही आपली नाहीत, दुसऱ्यांची उसनी आणलेली आहेत, आपल्यात वडिलांसारखा गळा नाही, आपण सामान्य आहोत. रुन्देलहाउस तिला म्हणत राहतो, गा. आणि एके दिवशी ती तारा जुळवते आणि स्वतः रचलेलं गाणं म्हणायला लागते. समोर बसलेल्या भूमिजनांपैकी कुणालाच पुढची ओळ माहीत नसते.